मेहनाजच्या खोलीचा बंब

८ जानेवारी १९९१, मंगळवार

नाही म्हणजे नाही! डॉक्टरीणबाईंनी मेहनाजचे सुजलेले पाय बघितले आणि सांगितलं, नववा लागलाय, विमानात बसायचं नाव काढू नका. म्हणजे सून माहेरी खेडला जात नाही. बाळंतपण इथेच — सौदीतल्या रहीम्यात, आमच्या हातून!

घरी आल्यावर मुलगा तौकीर बायकोकडे बघत होता, मेहनाज ताटाकडे, आणि आमची म्हातारी अख्तरी माझ्याकडे. जसं काही विमान मीच अडवलंय.

आम्ही म्हातारा-म्हातारी जुलैत मुलाकडे आलो ते पावसाळा संपला की हर्णैला परत जायचं म्हणून. ऑगस्टात इराकने कुवेत घेतलं. तेव्हापासून रोज कोणीतरी सांगतं, चाचा, लढाई होणार नाही. पुढच्या मंगळवारी इराकला दिलेली मुदत संपते. मी तर रिफायनरीच्या धुराड्यावरची मशाल दिसली तरी आभाळात विमान शोधतो — आणि ती मशाल रोजच दिसते.

९ जानेवारी

विहीणबाईंचा फोन. आपल्याकडे फोन नाही. शेजारी नाशिकचे कमलाकर म्हणून इंजिनिअर आहेत, तौकीरच्याच रिफायनरीत. फोन त्यांच्याकडे येतो. ते भिंतीवरून हाक मारतात — "चाचा, खेड!" — की मी एका पायात चप्पल घालून धावतो.

इस्मतबी खेडच्या पोस्टातून बोलतात, पण एवढ्या मोठ्याने की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. लढाईबद्दल एक अक्षर नाही. म्हणाल्या, "व्याहीबुवा, माझी मुलगी माझ्याकडे येत नाही, हे माझं नशीब. पण तिला शेकाशिवाय ठेवाल तर याद राखा! चाळीस दिवस खोली उबदार पाहिजे. दोन वेळा कडकडीत पाणी. तुमच्या घरचं पाणी मला ठाऊक आहे."

हे असं! लग्नानंतर पहिल्यांदा त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा सकाळी न्हाणीत त्यांना पाणी कोमट मिळालं. आमची नात अरवा आता सहा वर्षांची झाली. ते पाणी अजून कोमटच आहे.

मी म्हटलं, "काही काळजी करू नका." फोन ठेवल्यावर काळजी करायला बसलो.

११ जानेवारी, शुक्रवार

जुम्म्याहून आलो आणि तौकीरबरोबर आतली खोली बंद केली. रेडिओवर सांगितलंय — विषारी वायू आला तर एक खोली अशी पाहिजे जिच्यात हवा शिरणार नाही. खिडकीला प्लास्टिक, दाराच्या फटीला चिकटपट्टी, वाऱ्याच्या झरोक्याला चिकटपट्टी. अरवाने बाहुलीच्या तोंडालाही चिकटपट्टी लावली.

मग वायूपासून वाचायचे मुखवटे. माझा बसेना. दाढी आड येते, कडेने हवा जाते. तौकीर म्हणाला, "अब्बा, थोडी कमी करा ना." थोडी! हजला गेलो तेव्हापासून ठेवलेली दाढी! शेवटी अख्तरीने कडेला व्हॅसलीन फासलं, तेव्हा बसला. आरशात बघितलं. अरवा टाळ्या वाजवून म्हणाली, "दादा, यू लुक लाइक ॲन एलिफंट!" एलिफंट मला समजतं.

संध्याकाळी खरी गोष्ट ध्यानात आली. बाळंतीण याच खोलीत राहणार. शेगडी याच खोलीत लागणार. खोली हवाबंद! कमलाकर चहाला आले होते, त्यांना विचारलं. ते कपबशी ठेवून म्हणाले, "चाचा, बंद खोलीत निखारे? मग इराकने तसदी घ्यायची गरजच नाही."

१२ जानेवारी

इथल्या थंडीचं कोणाला सांगून खरं वाटणार नाही. वाळवंट म्हटलं की लोकांना वाटतं बारमाही भट्टी. जानेवारीत समुद्रावरून असा वारा येतो की नमाजाआधी वुजूचं पाणी घेतलं की हात बधिर होतात. घर सगळं सिमेंटचं. फरशीला पाय लागला की शिरशिरी थेट डोक्यात जाते.

तौकीर म्हणाला, "विजेचा हीटर आणू. संपलं."

मी म्हटलं, "वीज गेली तर?"

"इथे वीज जात नाही, अब्बा."

"इराकने तुला लिहून दिलंय?"

रॉकेलचा स्टोव्ह आहे, इथले लोक त्याला सोबा म्हणतात. त्याने अरवाला खोकला येतो आणि मला तो पेटलेला बघून झोप येत नाही. नको.

मग कमलाकर कामावरून एक छापील कागद घेऊन आले. त्यांच्याबरोबरच्या एका अमेरिकन माणसाचा. चित्र बघून मी उठून उभाच राहिलो! एक घर, भोवती बर्फ. घरापासून लांब अंगणात पत्र्याची खोपटी, वर धुराडं. खोपटीत लाकडं जळतात, पाणी तापतं, ते नळीतून घरात जातं आणि घरभर फिरून परत येतं. आग बाहेर, ऊब आत. धूर बाहेर, बाळंतीण आत!

म्हटलं, हा तर बंब! आपला न्हाणीतला बंब — फक्त अमेरिकेत गेलेला.

कमलाकर म्हणाले, "बरोबर. पण हा मागवायला चार महिने लागतील."

बाळ काय चार महिने थांबणार आहे?

१४ जानेवारी

कादिरच्या दुकानात गेलो. मलबारचा आहे, गॅरेजच्या गल्लीत वेल्डिंग करतो. तौकीरला कामावर जायचं होतं म्हणून कमलाकर गाडी घेऊन आले. त्यांची बायको सुनेत्रा डिसेंबरात नाशिकला गेली. तेव्हापासून त्यांना घरात करमत नाही. आमच्या बंबात त्यांनी एवढा जीव घातलाय की नकाशा काढलाय, रंगीत पेन्सिलींनी. गरम पाणी लाल, गार पाणी निळं.

कादिरने तीन वस्तू दाखवल्या.

एक — उभं पिंप. तेलाचंच जाड पिंप, खाली चूल, मधून धुराड्याची नळी. दोन — आडवं पिंप. लाकडं लांबच्या लांब सरकवता येतात, तोडायचा त्रास नाही. तीन — एका बंद पडलेल्या तुर्की चहावाल्याचा समोवार. पितळेचा, माझ्या खांद्याएवढा, नक्षी केलेला. मी त्याच्यावरून हात फिरवला. काय चीज! विहीणबाईंनी बघावी!

कमलाकर म्हणाले, "चाचा, त्याला खोलीत न्यायची नळी कुठे जोडणार?"

मी म्हटलं, "मी पडावावर जन्म काढलाय. मुंबईहून बोट यायची, माणसं उतरवून किनाऱ्याला आणायचो. बोटीच्या बॉयलरचा धूर जेवढा मी खाल्ला तेवढा कोणी खाल्ला नसेल."

"धूर खाल्लात. बॉयलर बघितलात का?"

हा माणूस चांगला आहे, पण तोंडाचा फटकळ.

उभं घ्यावं तर लाकडं तोडावी लागतील. आडवं घ्यावं तर अंगण अडेल, अरवा भाजेल. समोवार घ्यावा तर नळी नाही. उभं घ्यावं तर पडेल. आडवं घ्यावं तर गडगडेल. उद्या सांगतो म्हटलं. कादिर म्हणाला, "चाचा, पिंप लेना है या दामाद पसंद करना है?"

१५ जानेवारी

आज मुदत. काही झालं नाही. माझंही ठरलं नाही.

रात्री इशाच्या नमाजनंतर इस्तिखारा करणार. दोन रकात, दुआ, आणि अल्लाहवर सोडायचं, काय घ्यायचं ते स्वप्नात दिसतं. अख्तरीला सांगितलं तर म्हणाली, "अहो, इस्तिखारा लग्नाचा करतात, प्रवासाचा करतात. बंबाचा कोणी केलाय?"

म्हटलं, मी करतोय.

१६ जानेवारी

स्वप्न पडलं! पण काय पडलं?

समुद्र. इस्मतबी आडव्या पिंपावर बसून लाटांवरून येताहेत, हातात छत्री. पिंप किनाऱ्याला लागलं. त्या उतरल्या, समुद्रात हात घातला आणि म्हणाल्या, "कोमट."

आता याचा अर्थ आडवं घ्या की आडवं घेऊ नका? मी म्हटलं, पिंप तरंगलं, म्हणजे शुभ. अख्तरी म्हणाली, "ती ज्याच्यावर बसून येते ते घरात घेऊ नका." मेहनाज आईचं नाव ऐकून हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. 

ती म्हणते काही नाही. पण तिच्या सगळ्या बहिणींची बाळंतपणं आईच्या हाताखाली झाली. अरवाच्या वेळी हिचंही. या खेपेला मात्र हिच्या वाट्याला हे चिकटपट्टीचं घर.

उभं पिंप घेणार. ठरलं. कमलाकरना भिंतीवरून सांगितलं. ते म्हणाले, "मी सोमवारीच सांगत होतो."

१७ जानेवारी

लढाई सुरू झाली. पहाटेपासून डोक्यावर विमानं. सगळे रेडिओपाशी. तौकीर कामावर गेला — जावंच लागतं म्हणाला. अख्तरी नमाजाच्या जानमाजवरून उठत नाही.

कादिरचं दुकान बंद असेल का?

१९ जानेवारी

भोंगा. आम्ही सगळे आतल्या खोलीत. मुखवटे. व्हॅसलीनची बाटली स्वयंपाकघरात राहिली! मी दाढी मुठीत धरून बसलो. मेहनाजचा हात माझ्या गुडघ्यावर. बर्फासारखा. खोलीच बर्फासारखी होती. अर्ध्या तासाने दुसरा भोंगा झाला, खलास म्हणून.

भीती एकीकडे, थंडी एकीकडे. भीतीचं आपल्या हातात काही नाही.

२० जानेवारी

कादिरचं दुकान उघडं! म्हणाला, "बंद करके बैठूँ तो डर लगता है." पिंप टेम्पोतून आणून टाकलं, नळ्या बसवल्या. भिंतीलगत तीन बाजूंनी लोखंडी नळी फिरवली, जमिनीपासून वीतभर वर.

नळी आत न्यायला भिंतीला भोकं पाडावी लागली. एक जाताना, एक येताना. अख्तरी दारात कमरेवर हात ठेवून उभी. "एक रीळ चिकटपट्टी संपवलीत. वाऱ्याला आत येऊ दिलं नाहीत. आणि आता स्वतः पहार घेऊन भोक पाडताय?"

तौकीर म्हणाला, "अम्मी, ते सिमेंटने बंद करतील."

"आणि सिमेंट वाळेपर्यंत इराक थांबेल?"

थांबला. भोंगा झाला नाही. पण मी दोन्ही भोकांत माझे मफलर कोंबून बसलो होतो.

बाकी एक वाद झाला. पिंप कुठे ठेवायचं. मी म्हटलं, विटांच्या चबुतऱ्यावर, उंच. टाकी उंचच असते. पाणी वरून खाली वाहतं. कमलाकर म्हणाले, "चाचा, गरम पाणी वर चढतं. पिंप खाली पाहिजे, खोलीतली नळी वर. नकाशा बघा." लाल, निळं, बाण.

मी म्हटलं, साठ वर्षांत पाणी वर चढताना मी बघितलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या न्हाणीघरातला गीझर गळतो, बादली लावून ठेवलीय. आणि मला शिकवतात!

चबुतरा बांधला. कंबरभर उंच. शोभतो.

२१ जानेवारी

लाकडं! याचा विचारच कोणी केला नव्हता. जमिनीखाली तेल, समोर तेल, समुद्रात तेलाच्या बोटी — आणि जाळायला एक फाटा नाही. तौकीरने सामानाच्या पेट्यांच्या फळ्या आणल्या. त्यांना रंग. असा वास सुटला की अख्तरी म्हणाली, वायू आलाच!

मग कमलाकरांनी बाजारामागे नेलं. तिथे भटके बदू लोक ट्रकमधून लाकूड विकतात, वाळवंटात रात्री शेकत बसणाऱ्यांसाठी. बाभळीच्याच जातीचं, समर म्हणतात. वजनाला लोखंड. म्हाताऱ्या बदूने विचारलं, कुठे तंबू टाकणार? कमलाकरनी अरबीत सांगितलं, तंबू नाही, याची सून बाळंत होणार. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, छातीवर हात ठेवला आणि एक मोळी वर टाकली. बाळाची म्हणून. ती मोळी मी स्वतः उचलून गाडीत ठेवली.

२२ जानेवारी

पेटवला. आज लिहायची लाज वाटते, पण लिहितो.

असरनंतर, ऊन उतरल्यावर, आग लावली. समर काय जळतं! धुराड्यातून धूर, पिंपातलं पाणी खदखदायला लागलं, झाकण नाचायला लागलं. मी आत जाऊन नळीवर हात ठेवला. गार. पुन्हा बाहेर — उकळतंय. पुन्हा आत — गार. चार लाकडं घातली. पिंपाजवळ उभं राहवेना, कमलाकरांच्या स्वयंपाकघराची भिंत तापली, आमची खोली मात्र हर्णैच्या बर्फाच्या कारखान्यासारखी.

एवढ्यात दारात जीप. नागरी संरक्षणाचे दोन जवान. कोणीतरी धूर बघून कळवलं होतं. तौकीर कामावर, कमलाकर कामावर. मला अरबी येतं ते नमाजातलं. दुसरं कुठलं? खलास म्हणजे संपलं आणि यल्ला म्हणजे चला. ते दोन्ही इथे उपयोगाचे नव्हते.

मी हातवारे केले. पोट मोठं दाखवलं. पोटावर हात फिरवला. कण्हलो. मग थंडीने कुडकुडलो. पिंपाकडे बोट दाखवलं. मोठ्या जवानाचा चेहरा पडला. त्याने माझा हात धरला, मला जीपकडे न्यायला लागला — दवाखान्यात! मी ओरडलो, "मैं नहीं, बहू!" शेवटी मेहनाज स्वतः ओढणी घेऊन दारात आली. तिचं पोट बघितलं आणि दोघे असे हसले की खांद्यावरच्या बंदुका हलल्या. छोट्याने पिंपाला हात शेकले. खुणेने सांगितलं, सूर्य बुडला की आग नको, वरून दिसते.

म्हणजे दिवसा तापवायचं आणि रात्रभर पुरवायचं. आणि मुळात तापतच नाही!

२४ जानेवारी

"चाचा, खेड!"

"पाणी तापतं का?" सलाम नाही, दुआ नाही.

"तापतं ना. खदखदतं." खोटं नव्हतं. पिंपात खदखदतंच.

"आणि खोली?"

तोवर भोंगा सुरू झाला. फोनमधून खेडला ऐकू गेला. "हे काय वाजतंय?"

"गिरणीचा भोंगा."

"तिथे गिरणी कुठली?"

"नवीन निघाली."

"व्याहीबुवा, मला शेंड्या लावू नका! भोंगा आहे तर पळा! आणि पळता पळता एवढं सांगा — खोली तापते का?"

कमलाकर माझं बखोट धरून ओढत होते. मी ओरडलो, "तापते!"

आता तापवावीच लागेल.

२५ जानेवारी, शुक्रवार

कमलाकरांकडे गेलो. म्हटलं, नकाशा परत दाखवा.

 त्यांनी फक्त लाल पेन्सिल पुढे केली. चबुतरा फोडला. उलट खड्डा खणला आणि पिंप गुडघाभर जमिनीत उतरवलं. कादिर म्हणाला, "चाचा ने पहले मीनार बनाया, अब कुआँ." हसा लेको.

दुपारी आग लावली. आत जाऊन जमिनीवर बसलो, नळीला हात लावून. गार. गार. मग — जरा. मग बोटांना. मग हात काढून घ्यावा लागला! पाणी वर चढलं! स्वतःहून, कोणी ढकललं नाही, काही नाही. मी तिथेच सजदा केला. तौकीरला वाटलं मला चक्कर आली.

सूर्य बुडताना, मगरिबला आग विझवली, पिंपाभोवती जुनी गोधडी आणि वाळूची पोती रचली. सकाळी फजरला उठून बघितलं तर नळी कोमट. कोमट! पण या वेळी मला तो शब्द गोड लागला.

२९ जानेवारी

समुद्रात तेल सोडलंय म्हणतात. तौकीर घरी येतो तो तोंड न उघडता जेवतो आणि झोपतो. मेहनाजची कंबर दुखते. मी लाकडं तोडतो. अख्तरी म्हणते, "एवढी कशाला? जंगल पेटवायचंय?"

३ फेब्रुवारी

मुलगा!

पहाटे कळा लागल्या. कमलाकरांची गाडी. रस्त्यात दोनदा सैनिकांनी थांबवलं. मुखवट्यांच्या पिशव्या मांडीवर, डिंकाच्या लाडवांचा डबा अख्तरीच्या मांडीवर. तौकीरला मी सारखं सांगत होतो, हळू चालव. गाडी कमलाकर चालवत होते.

दुपारच्या जोहरच्या आत मोकळी झाली. दोघं ठीक. मी कानात अजान दिली. भोंग्याच्या आधी अजान ऐकली त्याने, एवढं पुरे.

४ फेब्रुवारी

दवाखान्यात खाटा मोकळ्या ठेवायच्यात म्हणून आजच घरी पाठवलं. मी आधी येऊन आग लावली होती. खोली अशी उबदार की दार उघडताच मेहनाजचा चष्मा धुकट झाला.

अख्तरीने तिला पहिली आंघोळ घातली. तेल, हळद, ओव्याची धुरी जराशी. पिंपाच्या नळाला कढत पाणी. मी बादल्या दारापर्यंत वाहिल्या. नंतर मेहनाज केसांना फडकं बांधून पडली होती. म्हणाली, "अब्बा, घरच्यासारखं वाटलं."

कुठल्या घरच्यासारखं, ते मी विचारलं नाही. मला कळलं.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

"चाचा, खेड!" आज मी चप्पल घालून सावकाश गेलो.

सगळं सांगितलं. पिंप, खड्डा, नळी, समर. पाणी वर चढतं हेही सांगितलं, जसं मीच शोधून काढलं. कमलाकर बाजूला उभे होते, त्यांनी मान फिरवली.

  इस्मतबी म्हणाल्या, "मग मी आता काय सांगू?"

म्हटलं, "नाव सांगा. नाव तुम्हीच ठेवा."

जुनैद. मला इब्राहिम पाहिजे होतं. असो. जुनैद.

१५ फेब्रुवारी

मेहनाज तक्रार करते — गरम होतं! तिने नळीवर ओली लंगोटी वाळत घातली, लगेच वाळली. अरवाने अंडं ठेवून बघितलं, उकडलं नाही, पण फुटलं. जुनैद लाल झालाय भाजलेल्या रताळ्यासारखा. तौकीर म्हणाला, "अब्बा, लाकडं कमी घाला ना." मी एक काढलं.

परत घातलं. गार वारा सुटला होता.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

खेडचा शुक्रवारचा फोन. विहीणबाईंचा आवाज बसलेला. तरी भांडल्या — अळीव देता का, बाळाची टाळू भरता का, मुलीला पुस्तक वाचू देता का, डोळे जातील. मी सगळ्याला हो म्हटलं. पुस्तक सोडून. शेवटी म्हणाल्या, "व्याहीबुवा, मी केलं असतं तसंच केलंत." आणि मी काही बोलायच्या आत ट्रंककॉलची तीन मिनिटं संपली.

अख्तरीला सांगितलं. ती म्हणाली, "खरं सांगा, दुसरंच कोणी बोललं असेल."

२६ फेब्रुवारी

काल संध्याकाळी इथून तासाभरावर खोबरला मिसाइल पडलं. माणसं गेली. आज बाकी काही लिहीत नाही.

२८ फेब्रुवारी

संपली! लढाई संपली! सकाळी रेडिओवर सांगितलं. कुवेतच्या विहिरी जळताहेत, त्यांचा धूर इथवर आलाय, दुपारी दिवे लावावे लागले. पण गल्लीत गाड्यांचे हॉर्न, लोक मिठाई वाटताहेत. कमलाकरनी नाशिकला फोन लावला आणि "सुनेत्रा" एवढंच म्हणून रडत बसले. मीच फोन घेऊन सांगितलं, "वहिनी, बरे आहेत ते. या तुम्ही."

अख्तरीने खिडकीची चिकटपट्टी ओढून काढली. भिंतीचा रंगही निघाला. घरमालक ओरडेल. ओरडू दे! आमच्यातलं एकही माणूस कमी झालं नाही. शुक्र आहे.

बंब मात्र चालू. मी बजावलंय — लढाई संपली, बाळंतिणीचा चाळीस दिवसांचा चिल्ला संपलेला नाही.

३ मार्च

काल भिंतीवरून हाक आली नाही. कमलाकर स्वतः दारात आले आणि चप्पल काढून उभे राहिले. इस्मतबी गेल्या. खेडला, आपल्या घरात, शुक्रवारी फजरची नमाज पढून बसल्या जागी. बाळंतिणीला चिल्ला होईपर्यंत कळू द्यायचं नाही, असं अख्तरीने ठरवलं. तौकीर अंगणात पिंपाआड रडला. धूर गेला डोळ्यांत म्हणाला.

आज मेहनाजने विचारलं, "अब्बा, या शुक्रवारी अम्मीचा फोन नाही आला?"

"आला होता. तू झोपली होतीस."

"काय म्हणाली?"

"भांडल्या."

"आता कशावरून?"

 म्हटलं, "बाळाच्या डोक्यावर टोपी नसते म्हणून."

मेहनाज हसली. कपाटातून टोपी काढली, जुनैदला घातली आणि दोन्ही कानांवरून नीट खाली ओढली.